आधी कोण सापडलं

दादा,

काल सकाळी तुझी कंपनीची बस आपल्या कोपऱ्यावर थांबली. ड्रायव्हरच्या हातापायांना सवय झालेली, दुसरं काय. दार उघडलं, कुणी चढलं नाही, आतली माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. मग पुढच्या सीटवरच्या कुणीतरी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि बस चाकणच्या दिशेनं निघून गेली. मी खिडकीत उभी होते. वहिनी ओट्यापाशी कणीक मळत होती. तिनं हॉर्न ऐकला असणार, कारण तिनं परात बाजूला सारली आणि उगाचच नळ सोडला. मी आत गेले नाही. नळ चालू असला की आत जायचं नसतं, एवढं मला या घरात कळतं.

लोक येतात, बसतात, चहा नको म्हणतात आणि मग घेतात. प्रत्येक जण मला सांगतो की तू देवमाणूस होतास. मी मान हलवते. देवमाणूस कॅरमच्या सोंगट्या शर्टाच्या बाहीत लपवत नाही, असं अगदी ओठांवर येतं आणि मी गिळते. तू गेलासच आहेस तर निदान खरा तू तरी माझ्याकडे राहा. चिडका, हट्टी, आमटीत मीठ कमी पडलं की वहिनीला न सांगता गच्चीवर जाऊन मला फोन करणारा.

चाकणच्या कंपनीत तू फायनल इन्स्पेक्शनला होतास. मशीनवर घडलेला प्रत्येक पार्ट गाडीवाल्यांकडे जायच्या आधी तुझ्या टेबलावरून जायचा. ती खोड तू घरीही घेऊन यायचास. पोळी उजेडात धरून बघायचास. आईच्या लाडवांत व्हेरिएशन आहे म्हणायचास आणि आई हातातला झारा उगारायची. माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला तू शेवटच्या रांगेत बसलास आणि सरळ झोपलास. टाळ्यांनी जागा झालास आणि मग सगळ्यांत जोरात तूच वाजवल्यास. बाहेर आल्यावर म्हणालास, "काही कळलं नाही बारके, पण रिजेक्शन आलं नाही ना? मग झालं." मला मिळालेलं ते सगळ्यांत चांगलं अभिनंदन होतं. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण आपल्याकडे असलं काही सांगत नाहीत.

आता मूळ गोष्टीवर येते. तू हृदयाच्या झटक्यानं गेलास. बसची वाट बघत उभा होतास, छातीवर हात ठेवून खाली बसलास आणि संपलं. तुझ्या रक्तात एचआयव्ही होता, कितीतरी वर्षं होता, पण गोळ्यांनी तो इतका दाबून ठेवला होता की तपासणीत दिसतसुद्धा नव्हता. त्यानं तुला नेलं असं कुठलाही डॉक्टर म्हणाला नाही. तरी तुला घरी आणलं त्याच दिवशी आत्या उंबऱ्यापाशी बसून शेजारणीला सांगत होती, "शेवटी तिनं आणलेल्या दुखण्यानंच खाल्लं पोराला." वहिनी तिथंच, हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

तिनं आणलेलं. हे शब्द आपल्या घरात सईएवढेच जुने आहेत. सई पोटात होती तेव्हा वहिनीचं रक्त तपासलं, सगळ्या गरोदर बायकांचं तपासतात तसं. तिचा रिपोर्ट आधी आला. मग तुला बोलावलं, तुझाही तसाच निघाला. वेळेवर औषध मिळालं म्हणून सई सुटली. आज ती आठवीत आहे आणि तिच्या रक्तात काही नाही. पण आईच्या डोक्यात क्रम पक्का बसला. आधी सुनेचा रिपोर्ट, मग लेकाचा, म्हणजे तिच्याकडून याच्याकडे आलं. हीच चूक भोसरीतल्या किती घरांत झाली असेल कोण जाणे. बाई बाळंतपणासाठी नाव घालायला जाते म्हणून ती आधी सापडते. पुरुष सापडायला एक तर त्याला हटता न हटणारा ताप यावा लागतो, नाही तर त्याच्या बायकोला दिवस जावे लागतात.

तू तुझ्या परीनं आईला समजावलंस. म्हणालास, आमच्याकडे डिफेक्ट शेवटच्या टेबलावर सापडतो, म्हणून तो काय त्या टेबलावर झालेला नसतो, आई. आई म्हणाली, "तुझी कंपनी तुझ्यापाशी ठेव. मला माणसं कळत्यात." मग तू एक दिवस सरळच सांगितलंस की हे माझ्याकडून आलंय, तिचा काही संबंध नाही. आणि झालं भलतंच. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि अंबाजोगाईला फोन करून मामाला सांगितलं की माझं लेकरू केवढ्या मनाचं, बायकोचं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायलंय. तू जितक्यांदा कबूल केलंस तितका तू मोठा होत गेलास आणि वहिनी लहान. तुझ्या खरेपणाचं पुण्य तुलाच मिळत राहिलं, दादा. तुला त्याची किती चीड यायची ते मी पाहिलंय.

आणि मी कोण होते, तर याच व्हायरसवर पीएचडी करणारी बहीण. नशिबाची ही थट्टा मला अजून पचलेली नाही. सई पोटात असायच्या आधीची दोनेक वर्षं मी रोज जेवताना माझा व्हायरस, माझा व्हायरस करत बसायचे. आज माझ्या व्हायरसनं असं केलं, आज तसं. वहिनी पानात भाकरी वाढता वाढता हसायची. म्हणायची, ताईंचं लग्न त्या व्हायरसशीच लावून द्या. तेव्हा तो तुमच्या दोघांच्या अंगात होता, आणि आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. रिपोर्ट आले त्या संध्याकाळी मी तुमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. तूच म्हणालास, "तुझा तुझा म्हणत होतीस ना? आता आमचापण." वहिनी त्यावर हसली, आणि मग आपण तिघंही रडलो.

व्हायरसबद्दलची तुझी चौकशी सुरू झाली ती बऱ्याच वर्षांनी, मी प्रयोगशाळा सोडून ताथवड्याच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर. फर्स्ट शिफ्ट सुटली की तू मोशीला बसमधून उतरायचास, मी स्कूटरवरून यायचे आणि आपण त्या रसवंतीच्या पत्र्याखाली बसायचो. तू आलं-लिंबू जास्त घालायला सांगायचास आणि मग रस तिखट झाला म्हणून कुरकुरायचास. त्या बाकावर बसून तू मला एकदा सांगितलंस की आमच्या प्रत्येक पार्टावर हीट नंबर असतो. लोखंड कुठल्या घाण्यात वितळवलं ते त्यावरून कळतं. पार्ट जगाच्या पाठीवर कुठंही तुटू दे, नंबर बघून मागं मागं जाता येतं. तसा काही नंबर व्हायरसवर असतो का?

मी म्हणाले, असतो. त्याच्या जनुकांत लिहिलेला असतो. पण हा व्हायरस स्वतःची नक्कल करताना इतका वेंधळा असतो की दर पिढीत नंबरात कुठंतरी चूक होते. त्यामुळं एका माणसाच्या अंगात वर्षभरात एक व्हायरस राहत नाही, त्याची एक भलीमोठी भावकी होते. सगळे एकमेकांचे चुलते-पुतणे, कुणीच कुणासारखा नाही.

"मग त्या गर्दीतले किती जण दुसऱ्याच्या अंगात जातात?" तू विचारलंस.

"शरीरसंबंधातून? बहुतेक वेळा एकही नाही. आणि गेलाच तर बहुधा एकच."

तू ग्लास खाली ठेवलास. "एकच?"

मग मी तुला सगळं सांगितलं. त्या क्षणी मी बहीण कमी आणि बाई जास्त होते, शाळेतल्या बाईंसारखी. एका अंगात वर्षानुवर्षं राहिलेले व्हायरस तिथल्या संरक्षणापासून लपायला शिकतात. वरच्या आवरणावर साखरेचे रेणू चढवत जातात, आवरणातले वळसे लांबवतात, थंडीत एकावर एक स्वेटर घालावेत तसं. पण दुसऱ्याच्या अंगात मूळ धरतो तो बऱ्याचदा यांच्यातला नसतो. आपल्याकडच्या प्रकारात तरी तो पुष्कळदा हलक्या आवरणाचा निघतो. वळसे आखूड, साखर कमी, पेशीच्या एका ठराविक दारानंच आत शिरणारा, आणि नव्या अंगातल्या पहिल्या हल्ल्याला तोंड देणारा. मागच्या पिढ्यांशी, मूळ पुरुषाशी जास्त मिळताजुळता. नेहमीच असं होतं असं नाही, हेही मी सांगितलं. मला नेहमीच हेही सांगावं लागतं.

तू लगेच म्हणालास, "म्हणजे मधे गेज आहे." तुमच्याकडचं ते मापाचं साधन, ज्याच्यातून पार्ट गेला तर पास, अडकला तर नापास. मी आजही वर्गात हे शिकवताना गेजच म्हणते. मुलांना पटकन समजतं, निम्म्यांचे बाप याच पट्ट्यात कामाला आहेत. हे कुणाचं वाक्य आहे ते त्यांना सांगत नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते आता मानते.

पण तू तिथं थांबला नाहीस. रस्त्यावरच्या कंटेनरकडे बघत म्हणालास, "एवढ्या गर्दीतला एकच, बारके. तो एक अडकला असता तर?" माझ्याकडे शक्यतेचं गणित होतं, पण ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तू तेव्हा मला सांगितलंस की ते लग्नाच्या आधीचं होतं. कुठलं, कुणाकडून, हे तू बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. धाकट्या बहिणीला एवढं सांगायला तुला काय पडलं असेल, ते मला तुझ्या मानेवरून कळत होतं.

मग तुझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. तू म्हणालास, एकच जातो म्हणतेस तर मग कळतं की. ज्याच्याकडून गेला त्याच्या अंगात मोठी भावकी, ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे त्यातली एकच शाखा. बघितलं की दिसलं. माणसं याच वाटेनं विचार करतात आणि इथंच फसतात. मी म्हणाले, लागण झाल्या झाल्या दोघांचं रक्त घेतलं असतं तर काही अंदाज आला असता, तोही अंदाजच. आता तिच्या अंगातही वर्षं गेली. ती शाखासुद्धा पसरली, मग गोळ्यांनी दोघांचाही व्हायरस झोपवला. तुमच्या दोघांचे व्हायरस नात्यातले आहेत एवढं फार तर निघेल. बाप कोण, लेक कोण, ते छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही.

तुला ते आवडलं नाही. तू आवाज खाली आणलास, म्हणजे आता हट्ट येणार हे मला समजलं.

"मग एक काम कर. आईसमोर बस. चार इंग्रजी शब्द टाक आणि सांग की तपासलं, व्हायरस दादाकडून वहिनीकडे गेलाय. माझं ती ऐकत नाही. तुझ्या डिग्रीचं ऐकेल."

"तपासलेलं नाही, दादा."

"पण खरं तेच आहे ना?"

"खरं आहे. पण न तपासलेल्या पार्टावर तू ओकेचा शिक्का मारशील का?"

तू माझ्याकडे बघितलंस. "बायकोचा प्रश्न असेल तर मारीन."

आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि खरं म्हणजे संपलंच नाही. दिवाळीत झालं, सईच्या वाढदिवसाला पुरी तळता तळता झालं, पिंपळे गुरवला माझ्याकडे यायचास तेव्हा लिफ्टमध्येसुद्धा झालं. मी तुला म्हणायचे की आज एक भला नवरा दोष स्वतःवर घ्यायला असला दाखला मागतोय, उद्या सासवा सुनांवर दोष घालायला मागतील. एकदा शास्त्राच्या नावानं खोटं बोलायचं म्हटलं की मग ते कुणाच्या बाजूनं बोलायचं हे ज्याची चलती आहे तो ठरवतो, आणि सुनांची कधीच चलती नसते. तू म्हणायचास, तुझं बरोबर आहे, पण ती माझ्या घरात रोज मरते आणि तू मला तत्त्व सांगतेस. दोघंही बरोबर असलो की भांडण फार लांबतं. शेवटच्या फोनवरसुद्धा तू ठेवताना म्हणालास, बघ, विचार कर. मी म्हणाले, केलाय. आणि फोन ठेवला. दादा, मला अजूनही वाटतं की मी तसं म्हणायला नको होतं. तू पुन्हा विचारलंस तर आजही मी नाहीच म्हणेन. पण तू विचारत राहायला हवं होतंस.

दशक्रियेला मी तयारी करून गेले होते, हे तुला हसू येईल म्हणून सांगते. मोशीच्या घाटावर पिंड ठेवला की कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात. नाही शिवला की गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात आणि एकेक जण हात जोडून पुढं येतो. तुझ्या लेकीचं शिक्षण आम्ही करू, तुझ्या आईला बघू, वगैरे. माझा कावळ्यावर विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण त्या वेळी बोलणाऱ्या माणसाला मधेच कुणी गप्प करत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास होता. आत्या, मामा, चुलते, आई, सगळे तिथं असणार. मी पुढं होऊन म्हणणार होते, दादा, वहिनीला कुणी बोल लावणार नाही, हे तिनं आणलेलं नव्हतं हे मी सगळ्यांसमोर सांगते. ते वाक्य मी मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं.

आणि कावळा लगेच आला. गुरुजी मागं सरकतात न सरकतात तोच आला, भाताला चोच लावली आणि घेऊन उडाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मामा म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती पोराची, समाधानानं गेला. आईनं नदीकडं बघून हात जोडले. मला इतका राग आला की मी चपला घालून तिथून बाजूला झाले. तुझी इच्छा काय राहिली होती ते त्या घाटावर मला एकटीला माहीत होतं, आणि ते बोलायची वेळ एका पाखरानं खाल्ली. तू असतास तर म्हणाला असतास, घाई केली साल्यानं. मग मी नदीकाठी एकटीच हसले आणि त्यानंतर रडले.

घरी आल्यावर आत्यानं काम हातात घेतलं. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे, दुःख झालं की ती लोकांचे निर्णय घेते. ती वहिनीला म्हणाली की आता तू थोडे दिवस माहेरी राहा, सईची शाळा तिकडं बघता येईल, इथं वहिनीबाईंना रोज तुझं तोंड बघवणार नाही. वहिनीबाई म्हणजे आपली आई. आई कोपऱ्यात बसली होती, ती काहीच बोलली नाही, आणि न बोलणं म्हणजे हो, हे सगळ्यांना समजलं. वहिनी उठली, कपाटावरची बॅग काढली आणि आत्याच तिला साड्या काढून द्यायला लागली. सई दारात उभी राहून आईकडून आजीकडे आणि आजीकडून माझ्याकडे बघत होती.

मी बोलले. घाटावरचं गुळगुळीत वाक्य आठवलं नाही. मी म्हणाले, आई, ही कुठं जाणार नाही. दादा तुला सांगत होता ते खरं होतं. लग्नाच्या आधीचं होतं, त्यानं मला मोशीत बसून सांगितलंय.

आईनं माझ्याकडे बघितलं. "तुझ्या मशीननं सांगितलं का?"

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. एक शब्द होता, दादा. तू इतकी वर्षं माझ्याकडे मागत होतास तो. मी म्हणाले, "नाही. मशीनला ते सांगता येत नाही. तिचा रिपोर्ट आधी आला एवढ्यावरून मशीनलाही सांगता येत नाही, आणि तुलाही नाही. मला दादानं सांगितलं."

"तो तिला पाठीशी घालायचा. आता तू घालायलीस."

आत्या साडीची घडी घालायला लागली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आईच बोलली, मला नाही, वहिनीला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं हा प्रश्न थेट वहिनीला विचारला. "खरं आहे का गं हे?"

"हो," वहिनी म्हणाली.

"मग इतकी वर्षं तोंड का उघडलं न्हाईस?"

वहिनी बॅगेशी बसली होती. तिनं मान वर केली. "तुमच्या मनात ते चांगले होते, आई. तेवढं राहू द्यावं म्हटलं. मला तर तुम्ही तसंही बोलतच होता."

खाली कुणाची तरी टू व्हीलर सुरू होत नव्हती आणि तो माणूस किक मारत राहिला. मग वहिनी पुढं म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजी कशी केली ते सांगावं तसं, की ते तुम्हाला सांगायला बसले की मी त्यांना काहीतरी निमित्त काढून आत बोलवायचे. ते चिडायचे माझ्यावर. म्हणायचे, मला बोलू दे. मी म्हणायचे, आईंचं वय झालंय, त्यांना एकच मुलगा आहे.

दादा, आपण दोघं त्या बाकावर बसून तिच्यासाठी भांडत होतो. पुरावा, दाखला, शिक्का. तिला काय हवंय हे विचारायचं तुलाही सुचलं नाही आणि मलाही. मी व्हायरसच्या आवरणावरचा एकेक रेणू ओळखते म्हणून मिरवत होते.

आई रडली नाही. माफी वगैरे मागायचा तर प्रश्नच नाही, तुझी आई आहे ती. ती उठायला लागली, गुडघ्यामुळं तिला उठता येईना, तेव्हा वहिनीनंच सवयीनं हात दिला. तो हात धरून उभी राहिल्यावर आईनं तो लगेच सोडला नाही. आत्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, त्या साड्या जागच्या जागी ठेवा. ती कुठं जात न्हाई." आणि वहिनीला म्हणाली, "माझ्या लेकाला मी उगं देव करून ठिवलं. तू एकटीनं ओढलास त्याचा भार."

काल बस गेल्यावर नळ बंद झाला तेव्हा मी आत गेले. वहिनी कणीक मळत होती आणि आई तिच्याजवळ पाटावर बसून लसूण सोलत होती. मी विचारलं, काही मदत करू का, तर दोघीही एकदम नको म्हणाल्या.

तुला एवढंच कळवायचं होतं. माझ्याकडचं शास्त्र अजून तेवढंच आहे. व्हायरसकडून मला कधीच कळणार नव्हतं, ते या घरात एका बाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि तिनं तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द तुझ्या आईच्या कानावर पडू नये असंच बघितलं, दादा. तुझ्या तोंडूनसुद्धा नाही.

तुझी,
बारकी